काफीचं सुतक

कावळा नाक्यावर लागलेला तो डिजिटल फलक मी रिक्षातून पाहिला आणि सकाळी सकाळी डोकं फिरलं. मधोमध आमच्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष सयाजीदादा, जाकीट, फेटा, गॉगल, हात जोडलेले. त्यांच्या वाढदिवसानिमित्त निकाली कुस्त्यांचं जंगी मैदान. डावीकडे दादांचा पुतण्या राजवीर दंड फुगवून उभा. आणि उजवीकडे अंगभर राख फासलेला एक उघडानागडा काळा माणूस. झाकायला हवं तिथं कार्यकर्त्यांनी कॉम्प्युटरवर पिवळा पट्टा चिकटवला होता. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'सुदानचा सिंह काफी'.

तो काफी नव्हताच. काफी माझा पीएच.डी.चा विद्यार्थी. तो चष्मा लावतो, रोज इस्त्रीचा शर्ट घालतो आणि लायब्ररीत चपला वाजल्या तरी वैतागतो. सुदानातल्या नुबा डोंगरातला. त्यांच्याकडे मुलांना जन्माच्या क्रमानं नावं देतात, घरातला दुसरा मुलगा म्हणून हा काफी. फलकावरचा फोटो कुणा कार्यकर्त्यानं मोबाईलवर शोधून काढलेला, साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा, कुणा परदेशी पाहुण्यानं काढलेला. काफीनं तो पाहिला तेव्हा एवढंच म्हणाला, "हे माझ्या आजोबांच्या वयाचे कुणीतरी असतील, मॅडम. त्यांना विचारलं असेल का कुणी?"

मी, अवंतिका, कॉलेजात इंग्रजी शिकवते. वर्षानुवर्षं आफ्रिकी कादंबरी शिकवत आले आणि खरं सांगायचं तर फळ्यावर दोन रकाने आखून शिकवत आले. इकडे परंपरा, तिकडे पाश्चात्य प्रभाव. मुलं ते उतरून घेतात, परीक्षेत ओकतात आणि पास होतात. काफी आला आणि त्यानं माझ्या रकान्यांची पार वाट लावली. त्याच्या प्रबंधातलं एक प्रकरण त्याच्याकडच्या एका कादंबरीवर होतं. त्यात डोंगरातल्या गावात एक गोरी बाई कॅमेरा घेऊन येते. मिशनरी तिथल्या कुस्तीला नावं ठेवतात, ही मात्र जीव ओवाळून टाकते. फक्त तिला कुस्ती पीक निघाल्यावर नको, आत्ता हवी. पोरांच्या अंगात शर्ट नकोत. अंगाला राख हवी, कारण फोटोत ती खुलून दिसते. पाहुणीचं मन मोडायचं नाही म्हणून गाव एकदा अवेळी कुस्ती खेळतं. मग दुसरी गाडी येते, तिसरी येते, आणि गावाला कुस्तीचा हंगाम असा उरतच नाही.

"नावं ठेवणाऱ्यांनी आमचं फार बिघडवलं नाही," काफी म्हणायचा. "त्यांच्याशी भांडता येतं. कौतुक करणाऱ्यांशी काय भांडणार?"

मी त्या पानाच्या समासात लिहिलं होतं, 'मुद्दा रोचक, पुरावे वाढवा.' पुरावे कावळा नाक्यावर टांगलेले सापडतील हे मला काय माहीत.

दादांच्या मैदानाला काफी मुळात आपणहून तयार झाला होता. कोल्हापुरात आल्यापासून तो आकाराम वस्तादांच्या तालमीत सकाळी जायचा. तालीम दादांच्याच पैशावर चालणारी. तांबड्या मातीचा वास आला की घर आठवतं, असं म्हणायचा. त्याचे वडील त्यांच्या डोंगरातले नावाजलेले मल्ल. दादांनी विचारलं तेव्हा तो खूश होऊन म्हणाला, मी तुमच्या लोकांना आमचे डाव दाखवतो. नंतर त्याला कळलं की डाव दाखवायचे नसून पाठ दाखवायची आहे. राजवीर पुढं मोठ्या स्पर्धेला जायचा होता, त्याच्या नावावर एक परदेशी मल्ल चितपट व्हायला हवा होता. आपल्याकडे ह्याला नुरा कुस्ती म्हणतात, आधी ठरवून खेळलेली. काफीला ते पटलं नाही, पण तो गप्प बसला. परक्या गावात माणूस बसतो तसा.

आणि मैदानाच्या आठवड्यातच त्याचे वडील वारले.

बातमी फोनवर आली. तिकडे लढाई चाललेली, रस्ते बंद, विमानं बंद, जायचा प्रश्नच नव्हता. काफी माझ्या केबिनमध्ये आला आणि उभ्या उभ्या सांगून मोकळा झाला. रडला नाही. मी खुर्ची पुढं केली तर बसला नाही. म्हणाला, "आमच्या घराण्यात माणूस गेला की पुढचं पीक हाती येईपर्यंत मुलगा कुस्ती खेळत नाही. राखेला हात लावत नाही. मी रविवारी खेळू शकत नाही मॅडम. तुम्ही त्यांना सांगाल?"

मी म्हटलं, सांगेन. मला ते सोपं वाटलं होतं. सुतक म्हणजे काय हे कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावं लागतं?

शुक्रवारी कॉलेजात चर्चासत्र होतं, आफ्रिकी कादंबरीतली परंपरा आणि पाश्चात्य प्रभाव ह्याच विषयावर. उद्घाटनाला दादा. भाषण मी लिहून दिलेलं. दादांनी ते दणक्यात वाचलं. गोऱ्यांनी आफ्रिकेच्या माणसाला माणूस न मानता तमाशाची वस्तू बनवलं, ह्या वाक्याला त्यांनी टेबलावर मूठ आपटली आणि टाळ्या घेतल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. मी समोरच बसले होते, टाळ्या मीही वाजवल्या.

भाषणानंतर मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. आकाराम वस्तादही तिथंच बसले होते, मैदानाची जुळणी करायला.

"या म्याडम, बसा," दादा म्हणाले. "भाषण झ्याक लिवलंसा. वाटोळं केलं बगा गोऱ्यांनी त्या लोकांचं."

"दादा, काफीचे वडील वारलेत. त्याला रविवारी खेळता यायचं नाही. सुतक आहे."

दादांनी वस्तादांकडे पाहिलं आणि हसले. हसण्यासारखं मी काय बोलले ते मला कळेना.

"त्येंच्यात कसलं आलंय सुतक?"

"असतं, दादा. आपल्यासारखंच असतं. मुलगा मातीत उतरत नाही."

"आवो, बाप वारला कुटं, सुदानात. हितनं किती लांब. येवढ्या लांबचं सुतक लागतंय व्हय?" दादांनी पेढ्याचा बॉक्स माझ्याकडं सरकवला. "गावभर डिजिटल लागल्यात. आमदार यायला लागल्यात. आता माघार घिऊन कसं चालंल? वस्ताद, तुमी सांगा की म्याडमना."

वस्ताद जुने, मानाचे. मला वाटलं, हा माणूस तरी. तालमीच्या दारात कुणाच्या घरी माणूस गेल्याचं कळलं तर हेच वस्ताद त्या पोराला पायरीवरून परत पाठवतात.

"आपल्या पोराला सुतक असलं तर मी त्येला मातीत घेत न्हाय," वस्ताद शांतपणे म्हणाले. "मारुती हाय आत, चालत न्हाय त्येला. पन ह्येचं सुतक मारुतीला कसं लागंल म्याडम? ह्यो काय आपल्यातला हाय?"

मी तोंडात पेढा घातला नव्हता हे बरं झालं. हे बोलताना वस्तादांच्या चेहऱ्यावर दुष्टपणा असता तरी चाललं असतं. तो नव्हता. पंचांगात बघून तिथी सांगावी तसे ते सांगत होते. ह्या माणसाच्या हिशेबात काफीचा बाप मेलाच नव्हता, कारण तो जन्मलाच नव्हता.

निघताना दादांनी पुढचं सांगितलं, अगदी मायेनं. "पोराचं हितं ऱ्हायचं पत्र माझ्या सहीला पडलंय नव्हं? रविवारी मैदान झालं की सोमवारी सही. काळजी करू नगा म्हनावं त्येला."

दरवर्षी परदेशी विद्यार्थ्याला राहण्याची मुदत वाढवून घ्यावी लागते आणि त्याला संस्थेचं पत्र लागतं. ते नाही मिळालं तर काफीला देश सोडावा लागला असता, आणि जायला देश उरला नव्हता. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मी खेळतो," तो म्हणाला. "माझ्या वडिलांनी मला पाठवताना सांगितलं होतं, शिकून ये. हेही शिक्षणच असेल. पण मॅडम, राख तेवढी नको. ती नको म्हणून सांगा."

रविवारी संध्याकाळी संस्थेच्या मागच्या पटांगणात माणसाला माणूस लागत नव्हता. हलगी कडाडत होती. मध्ये मातीचा मोठा हौदा, ताक, तेल, हळद घालून मळलेली तांबडी माती. एका बाजूला आमदारांचं व्यासपीठ, दुसऱ्या बाजूला बायकांसाठी मांडव. निवेदक सारखा माईकवरून सांगत होता, "माताभगिनींना विनंती, मांडवातच बसून घ्यावं. मातीच्या कडेला कुनी येऊ नये. मारुतीरायाची माती हाय, पावित्र्य राखावं." ह्याच संस्थेच्या पोरी नव्या हॉलमध्ये मॅटवर कुस्ती खेळून बक्षिसं आणतात, त्यांचे फोटो दादांच्या पत्रकात छापतात. पण वस्तादांच्या मातीला बाईचा पाय चालत नाही. एकदा कुणा पत्रकार पोरीचा चुकून पडला तर त्यांनी मल्लांच्या दोन जोड्या न लढवताच परत पाठवल्या होत्या.

मला एकटीला दुभाषी म्हणून मांडवाबाहेर, व्यासपीठाच्या खाली, हौद्याजवळच्या खुर्चीवर बसवलं होतं. हातात माईक दिला होता.

काफीला व्यासपीठामागच्या कनातीत तयार करत होते. मी आत डोकावले. तो लंगोटावर उभा होता, चष्मा हातात. दोन कार्यकर्ते बादली घेऊन आले, एकाच्या हातात भिंत रंगवायचा रुंद ब्रश. त्यांच्याकडं मोबाईलवर तो फलकावरचा फोटो उघडलेला होता, रंग कुठं कुठं लावायचा ते बघायला.

"त्याला राख लावायची नाही," मी म्हटलं. "त्याचे वडील वारलेत. त्यांच्यात चालत नाही."

"आवो, राख न्हाईच ही म्याडम," ब्रशवाला म्हणाला. "डिस्टेंपर हाय."

आणि त्यानं काफीच्या छातीवरून ब्रश ओढला. काफीनं डोळे मिटून घेतले. पाठ, दंड, मांड्या, गाल. भिंतीला देतात तसे उभे हात, मग आडवे. एकजण व्हिडिओ काढत होता आणि हसून म्हणत होता, कपाळ ऱ्हायलं, कपाळ ऱ्हायलं. मी आयुष्यात पुष्कळ घाण पाहिली आहे. महापुरात गटारं घरात आलेली पाहिली आहेत. इतकी किळस मला कधी आली नव्हती, आणि ती त्या रंगाची नव्हती. ती पोरं चांगल्या घरची होती. त्यातला एक माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचा आणि त्यानं माझे दोन्ही रकाने पाठ केलेले होते.

निवेदकानं पुकारा केला. "आता बगा, सुदानच्या जंगलातनं आलेला, कच्चं मास खानारा, काळाकभिन्न काफी." काफी दाल-राईस खातो, तोही तिखट लागला तर पाणी पीत. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मागून कुणीतरी माकडाचा आवाज काढला आणि त्याच्यावर आमदार हसले. काफी हौद्याच्या कडेला आला, वाकला, माती कपाळाला लावली. तेवढं मात्र त्यानं मनापासून केलं. राजवीर समोरून मांडीवर शड्डू ठोकत आला. काफीचे ओठ हलत होते. तो वडिलांशी बोलत असावा, माफी मागत असावा. हलगीचा ठेका वाढला.

मी उठले. काय करणार आहे ते मला उठेपर्यंत माहीत नव्हतं. चपला काढल्या, ती सवयच, आणि साडी जराशी उचलून हौद्यात पाय टाकला. माती गार आणि तेलकट होती. मी चालत चालत दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

हलगी थांबली. एवढ्या माणसांचा आवाज असा एकदम बसलेला मी कधी ऐकला नव्हता. राजवीर दोन पावलं मागं सरला, माझ्या अंगावर साप असावा तसा बघत.

आकाराम वस्ताद धोतर सावरत कडेपर्यंत धावले. "आवो म्याडम, ह्ये काय केलंसा? भाईर या. आदी भाईर या."

मी हलले नाही.

व्यासपीठावरनं दादा खाली आले. रागानं लाल झाले होते, पण मोबाईल चहूबाजूंनी रोखलेले, म्हणून तोंडावर हसू. दबक्या आवाजात त्यांनी वस्तादांना विचारलं, "गोमूत्र शिपडून भागंल का? धा मिंटात उरकू."

"भागंल की," वस्ताद म्हणाले. मग त्यांना काहीतरी आठवलं. ते मातीत उतरून माझ्याजवळ आले, नजर खाली घातली आणि अवघडून विचारलं, "म्याडम, तुमची अडचन तर न्हाय नव्हं सध्या?"

माझ्या हातातला माईक सुरूच होता. वस्तादांचा प्रश्न कर्ण्यातून सगळ्या पटांगणावर गेला, मांडवातल्या बायकांपर्यंत, आमदारांपर्यंत, रस्त्यापलीकडच्या चहाच्या गाड्यापर्यंत. कुणीतरी खिदळलं. माझे सहकारी पहिल्या रांगेत बसले होते, त्यांनी माना खाली घातल्या. मी बावन्न वर्षांची आहे. ती अडचण माझी केव्हाच संपली. मी माईक तोंडाजवळ नेला आणि सांगितलं, "आहे. आजच आली."

वस्तादांनी कपाळाला हात लावला. "गेलं मैदान," ते म्हणाले. "सगळी माती उपसाय लागंल आता."

एका माणसाचा मेलेला बाप त्या मातीला दिसला नव्हता. माझा पाय मात्र लगेच दिसला. शिकलेसवरलेले, शेतीवाले, दूधवाले, मास्तर, वकील, सगळे त्या तांबड्या चौकोनाकडं असे बघत होते जशी तिथं विष्ठा पडली आहे. मला वाटलं होतं, मला लाज वाटेल. वाटली नाही. फक्त शिसारी आली, सगळ्यांची, आणि टाळ्या वाजवणाऱ्या माझ्या हातांचीसुद्धा.

पण सयाजीदादा उगाच अध्यक्ष नाहीत. त्यांनी माझ्या हातातला माईक काढून घेतला, फेटा सारखा केला आणि आवाजात ओलावा आणला. "बंधू-भगिनींनो, एक दुःखद बातमी सांगायची हाय. आपले पावणं काफी यांच्या वडिलांचं नुकतंच निधन झालंय. अशा दुःखाच्या येळी कुस्ती लावनं ही आपली संस्कृती न्हाय. म्हनून ही जोड आपन रद्द करतोय. कोल्हापूर पावण्याच्या दुःखात सामील हाय. सगळ्यांनी दोन मिंटं उभं राहून श्रद्धांजली वाहूया."

आणि सगळं पटांगण उभं राहिलं. फेटे, टोप्या उतरल्या. माकडाचा आवाज काढणाराही उभा राहिला असणार.

काफीला मराठी फार येत नाही. तो गोंधळून माझ्याजवळ आला. "काय झालं? सगळे उभे का राहिले?"

"तुझ्या वडिलांसाठी," मी म्हटलं.

"तुम्ही सांगितलंत त्यांना? म्हणून आत आलात?"

"हो."

त्यानं एकदा सगळ्या गर्दीकडं पाहिलं. मग त्याचा चेहरा मोडला. बातमी आल्यापासून तो रडला नव्हता, तो तिथं, मातीत, गुडघ्यावर बसून रडला. गालावरचा डिस्टेंपर ओघळून खाली आला. रडता रडता त्यानं चारी बाजूंना हात जोडले, आमदारांना, वस्तादांना, ब्रश धरलेल्या पोराला. दादा पुढं झाले, त्याला उठवून मिठी मारली. फोटो निघाले. फोटो निघत असतानाच दादा माझ्या कानाशी म्हणाले, "त्येचं पत्र सोमवारी मिळंल. तुमचं मातर नंतर बगतो."

मागं पाच-सहा जण फावडी घेऊन हौद्यात उतरले होते. मी उभी होते तिथूनच त्यांनी माती उपसायला सुरुवात केली.

परतताना रिक्षात काफी नखानं दंडावरचा रंग खरवडत होता. हलका झाला होता. रंकाळ्याच्या वळणावर त्यानं मोबाईल काढला आणि आईसाठी आवाजी निरोप भरायला लागला. मधेच थांबून मला म्हणाला, "तिला सांगतोय मॅडम. इथं हजारो लोक बाबांसाठी उभे राहिले. आमच्या गावातसुद्धा लढाईमुळं कुणी जमू शकलं नाही. ती शांत झोपेल आता."

मी खरं सांगायला तोंड उघडलं. त्याच्या आईला काय सांगायचं होतं मी? की तुझ्या नवऱ्याला मिळालेली ही श्रद्धांजली एका म्हातारीच्या खोट्या पाळीमुळं मिळाली? मी तोंड मिटलं. तो पुन्हा त्याच्या भाषेत बोलायला लागला. त्यातला एकच शब्द मला कळत होता, कोल्हापूर. तो सारखा यायचा, आणि दरवेळी काफी तो घरच्या माणसाचं नाव घ्यावं तसा घ्यायचा. माझा जन्म ह्या गावातला. त्या नावाची किळस मला त्या दिवशी आली.